देहाची साक्ष

धूम्रपान सोडणाऱ्या मनुष्यास निश्चयानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात. डोके दुखते, झोप मोडते, भूक वाढते, कोठा जड होतो, आणि एरवी शांत असणारा गृहस्थ मुलांवर क्षुल्लक कारणावरून ओरडतो. मग तो म्हणतो, "मला फार त्रास होतो, म्हणजे माझ्या प्रकृतीस तंबाखू लागतेच." यातील पूर्वार्ध अनुभव आहे, उत्तरार्ध अनुमान. अनुभव खरा म्हणून अनुमानही खरे ठरते काय, एवढाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, आणि दीर्घ सवयीने त्यास प्रतिसाद देणारी मेंदूतील ग्राहकस्थाने संख्येने वाढतात. रक्तातील निकोटीन सुमारे २ तासांत निम्मे होते. ही स्थाने रिकामी राहू लागली की बेचैनी सुरू होते. पुढच्या सिगारेटने ती शमते खरी, परंतु ती मागच्या सिगारेटनेच उत्पन्न केलेली असते. सावकाराने व्याज भरण्यापुरते नवे कर्ज द्यावे आणि ऋणकोने त्यास दाता म्हणावे, तसाच हा प्रकार होय.

हा त्रास बहुधा पहिल्या २४ तासांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यातच कळसास पोहोचतो आणि २ ते ४ आठवड्यांत ओसरतो. वाढलेली भूक मात्र अधिक काळ टिकते. शिवाय धुरामुळे कॉफीतील कॅफीन शरीरातून लवकर निघून जात असते; धूर थांबला की तेवढीच कॉफी अधिक भिनते, आणि त्या धडधडीचा दोष बिचाऱ्या निश्चयावर येतो. तात्पर्य, देह खोटे बोलत नाही. पण साक्षीदाराने न्यायाधीशाच्या आसनावर बसू नये.

घरच्या मंडळींनीही हे ध्यानी धरावे. "एक ओढा, पण आम्हांस सुखाने राहू द्या," असे कंटाळून म्हणणारी माणसे प्रेमाचीच असतात. तथापि त्या क्षणी ती सावकाराची बाजू घेतात. उलटपक्षी, आपल्या क्लेशाने आपला राग समजण्याजोगा होतो, क्षम्य होतोच असे नाही, हे सोडणाऱ्यानेही विसरू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनची पट्टी लावून त्रास सौम्य करण्यात तर आम्हांस काहीच कमीपणा दिसत नाही. निग्रहाचे मोल सोसलेल्या वेदनेवरून ठरत नसून, त्यातून मिळालेल्या मोकळेपणावरून ठरते.