काल्याचे दही कोणत्या गोठ्याचे?



आता कीर्तनाला उभे राहणे होत नाही. पण सप्ताहाच्या काल्याला जाऊन बसतो. यंदा प्रसाद घेताना एका तरुण माळकऱ्याने विचारले, "महाराज, देवाच्या काल्याला सेंद्रिय गोठ्याचेच दही घ्यावे का? युरियाच्या चाऱ्यावरच्या दुधाने भूमीला पीडा होते म्हणतात."

म्हटले, "माउली, खरे आहे, पण अर्धे." पिकाने न घेतलेल्या युरियाचा काही भाग नायट्रेट होऊन विहिरी-ओढ्यात उतरतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो. सेंद्रिय गोठ्याला रासायनिक खत वर्ज्य. म्हणून एकराच्या मापाने त्याचा भार बहुधा कमी.

दुसरे माप लिटराचे. गाय कोणतीही असो, रवंथ करताना ढेकरांतून मिथेन सोडतेच. तो त्याच हिशेबात सुमारे २८ पट. दूध कमी देणाऱ्या गाईच्या लिटरामागे तो जास्त पडतो आणि तेवढ्याच दुधाला गाई व रान दोन्ही जास्त लागतात. मग सोवळे कोणाचे?

उत्तर मला माझ्याच गोठ्यात सापडले. दारात तीन गाई, चारा बिनखताचा. त्याचा अभिमानही होता. उकिरडा मात्र वडिलांच्या वेळेपासून ओढ्याच्या काठी. पावसाळ्यात त्याचे काळे पाणी ओढ्यात जाई. ओढा भीमेला मिळतो आणि भीमाच पंढरीत चंद्रभागा होते. मी टाळ घेऊन वाट चालत होतो आणि माझ्या गोठ्याचा मळ वाळवंटाकडे वाहत होता. तिथे वारकरी स्नान करतो, आचमन करतो. शेण सेंद्रिय म्हणून ते पाणी निर्मळ होत नाही.

उन्हाळ्यात उकिरडा उचलून उंचावर खड्ड्यात नेला, वर पाचट घातले. वृद्धापकाळी एवढेच प्रायश्चित्त हातून झाले.

काल्यात साऱ्यांच्या शिदोऱ्या एक होतात. त्यात मातीचा, ओढ्याचा आणि खालच्या गावाचाही घास आहे. म्हणून दही कोणत्या गोठ्याचे हे जरूर विचारावे. पण त्या गोठ्यातून बाहेर गेलेल्या पाण्याचे काय झाले, हेही विचारावे. आणि द्रोणात प्रसाद टाकू नये. टाकलेल्या दुधाचा भार भूमीने वाहिलेलाच असतो, मग माप एकराचे लावा की लिटराचे.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!