बर्फातली खुर्ची

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात मी एके काळी सातारा स्टँडवर नाव कमावलं होतं. गाडी फलाटाला लागायच्या आत माझा रुमाल सीटवर असे. तो पडला की ती जागा माझी! हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण तो मोडणाऱ्याला अख्खी गाडी फैलावर घेते. हे शास्त्र फक्त आपल्याकडचं, असा माझा समज होता. २०१५ च्या जानेवारीत आम्ही उभयता चिरंजीवांकडे बॉस्टनला गेलो आणि तो समज गळून पडला. तिथे रुमालाऐवजी खुर्ची टाकतात, तीही भर रस्त्यात.

त्याचं असं झालं. चिरंजीवांचं बिऱ्हाड डॉर्चेस्टर भागातल्या एका तीनमजली लाकडी घरात. गॅरेज नाही, त्यामुळे मोटार रस्त्याच्या कडेला. महिनाअखेरीस वादळ आलं आणि दोन फूट बर्फ टाकून गेलं. (त्या हिवाळ्यात तिथे एकूण १०८.६ इंच बर्फ पडला. म्हणजे मला उभं पुरून वर साडेतीन फूट उरला असता.) दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो मोटारी गायब! चादरीखाली लोक झोपावेत तसे रांगेने नुसते उंचवटे.

बर्फ उपसणं म्हणजे पिठीसाखर उपसण्यासारखं असेल, अशी माझी कल्पना. ताजा, कोरडा बर्फ असतोही तसा. पण नगरपालिकेचा ट्रक रस्ता साफ करता करता जो बांध आपल्या मोटारीला आणून लावतो, तो ओल्या मातीसारखा जड. मी पहिलंच फावडं शिगोशीग भरलं, उचललं आणि मागे भिरकवायला कमरेत वळलो. कमरेतून असा काही आवाज आला की चिरंजीव धावत आले.

"बाबा, उचलू नका, ढकला. उचलायचंच तर अर्धं फावडं. गुडघ्यात वाका, फावडं अंगालगत धरा. आणि वळायचं झालं तर पाय वळवा, कंबर नको."

ज्याला मी अंगणात चालायला शिकवलं, तो मला पाय कसे वळवायचे ते शिकवत होता! पण पोराचं बरोबर होतं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात हे कष्ट. फावडं हातात असतानाच हृदय बंद पडलेली माणसं तिकडे दर हिवाळ्यात निघतात. हे ऐकल्यावर आमच्या सौ.ने माझ्या सहासष्टाव्या वर्षाची आठवण करून दिली आणि अट घातली, "अहो, दर दहा मिनिटांनी थांबायचं आणि खिडकीकडे बघून मला हात करायचा."

मोटार सुरू करण्याआधी तिच्या धुराच्या नळीभोवतालचा बर्फ काढला. ती तुंबली तर विषारी वायू आत भरतो. मग प्रश्न आला, काढलेला बर्फ टाकायचा कुठे? रस्त्यात ढकलायला शहराची बंदी. आपल्या घरापुढचा फुटपाथ घरवाल्याने बर्फ थांबल्यापासून तीन तासांत साफ करायचा, हाही कायदाच. म्हणजे तिथेही नको. राहता राहिला शेजारच्या घरापुढचा फुटपाथ. तिथे एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहतात. त्यांच्या दारापुढचा बर्फ कुणी काढलेलाच नव्हता. ढीग आहेच, त्यात आणखी थोडा! दोन तासांत आम्ही मोटार मोकळी केली. चिरंजीव कामावर गेले आणि रिकाम्या जागेत मी घडीची खुर्ची मांडली. बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास अशी खुर्ची बॉस्टन शहर चालवून घेतं.

मग मी खिडकीशी पहाऱ्याला बसलो. रुमाल टाकायला काही कष्ट नव्हते. ही जागा मी कंबर मोडून घडवलेली. जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने तीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, की सर्वांच्या मालकीच्या वस्तूत माणसाने आपले श्रम मिसळले की ती त्याची होते. त्याला पुढे एक अट आहे, इतरांपुरतं तितकंच चांगलं मागे उरलं पाहिजे. पण अटी आपण नेहमी बारीक टायपातच वाचतो.

अकराच्या सुमाराला एक लहानशी मोटार आली. आतून एक बाई उतरल्या, माझी खुर्ची अलगद उचलून कडेला ठेवली आणि मोटार आत घातली! मी कोट चढवेपर्यंत त्या हातात बॅग घेऊन शेजारच्या घराकडे निघाल्या होत्या. बाहेर येऊन मी तोंड उघडणार, तोच त्या आमच्या ढिगात गुडघ्यापर्यंत रुतल्या.

"माफ करा हं," त्याच म्हणाल्या, "मी नर्स आहे. आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करायचंय. अर्ध्या तासात निघते. आजूबाजूला कुठेच जागा नाही हो."

माझं इंग्रजी तसं बरं आहे, पण त्या क्षणी एक शब्द फुटेना. जागा माझ्या श्रमाची, हे कबूल. पण तो ढीगही माझ्याच श्रमाचा होता. तो कुणाच्या नावावर लावायचा? श्रमांतली मोकळी जागा मी ठेवून घेतली होती आणि बर्फ तेवढा पाय दुखणाऱ्या म्हाताऱ्याच्या दारात टाकला होता.

बाई आत गेल्यावर मी फावडं आणलं. अर्धं अर्धंच भरत, पाय वळवत, त्यांच्या पायरीपासून मोटारीपर्यंत वाट काढायला लागलो. या वेळी बर्फ आमच्या घराच्या भिंतीशी नेऊन टाकला. चाळीस पावलं जास्त पडत होती. सकाळी तिथे टाकायचं काही सुचलं नव्हतं, एवढं खरं.

बाई परत आल्या तेव्हा वाट जेमतेम एका माणसापुरती झाली होती. त्यांनी मोटार काढली, खाली उतरून माझी खुर्ची होती तिथे मांडली आणि गेल्या. खुर्ची मी काही उचलली नाही. रात्री चिरंजीव मोटार कुठे लावणार होते? पण खिडकीत जाऊन बसायचंही धाडस होईना.

एवढ्यात वरून तावदानावर टकटक झाली. सौ. बोटाने मनगटावरचं घड्याळ दाखवत होती. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी फावडं वर करून हात केला.