अंगणाबाहेरचा गोंधळ

पूनम सागरमध्ये आमच्याच जिन्यावर, तळमजल्याला एक वृद्ध गोंधळी राहतात. सारे त्यांना नाना म्हणतात. त्यांचा मुलगा संबळ वाजवतो. यंदा एका पथकाबरोबर तो अमेरिकेतील मराठी मंडळींपुढे गोंधळ घालून आला. त्याची चित्रफीत साऱ्या जिन्याने पाहिली. नानांनी पाहिली नाही.

"नाना, केवढी अभिमानाची गोष्ट!" मी म्हणालो.

"मास्तर, तिथे चौक कुणी मांडला होता? यजमान कोण?"

मला उत्तर सुचेना. मुलांना रोज प्रश्न घालणाऱ्याला ही गोष्ट फार झोंबते.

गोंधळ हे मुळात नुसते गाणे नव्हे. ते फेडायचे देणे आहे. घरात लग्न झाले की कुळाची देवी आठवायची. चौक मांडायचा, कलश ठेवायचा, दिवटी पेटवायची. मग संबळ-तुणतुण्यावर तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, एकेकाला गावाच्या नावाने बोलावायचे. आमंत्रणे झाली की आख्यान, आणि शेवटी आरती. यातून यजमानच काढला, तर उरते काय? तिकीट काढून बसलेल्याला कसले देणे? त्याला फार तर आपली संध्याकाळ बरी जायला हवी असते.

पण मग शाहीर विठ्ठल उमपांचे काय? १९८३ साली ते आयर्लंडमधील कॉर्कच्या लोककला महोत्सवात गायले. ते काही गोंधळ्याच्या घरी जन्मले नव्हते. आंबेडकरी गीतांत त्यांचा आवाज घडला. तरीही गोंधळाच्या अंगाने रंगणारे 'जांभूळ आख्यान' त्यांनी आपलेसे केले. पाच पतींची द्रौपदी मनातून कर्णाकडे ओढली जाते, ती ही कथा. ते ऐकताना यजमान कोण, हे विचारायचे कुणाला सुचले असेल? २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच ते कोसळले आणि गेले.

मोठ्या उत्साहाने मी हे नानांना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"उमप मोठेच. त्यांनी ते कमावलं. माझ्या पोरानं नुसतं उचललं." थोडे थांबून म्हणाले, "आणि मास्तर, तुम्हीसुद्धा."

माझ्या एका कादंबरीत गोंधळाचे एक प्रकरण आहे. वाचकांना ते आवडले, पत्रे आली. त्यातला तपशील नानांच्या तोंडचा; दोन संध्याकाळी, त्यांच्याच घरच्या चहावर ऐकलेला. पुस्तकात त्यांचे नाव नाही. त्यांच्या देवीपुढे मी साधा नारळही ठेवला नव्हता. मुलगा निदान संबळ तरी स्वतः वाजवत होता. मी तर एक रात्रही पुरती जागलो नव्हतो.

परवा नारळ घेऊन खाली गेलो. दार मुलानेच उघडले. नानांनी नारळ हातात घेऊन पाहिला.

"चौक मांडता येतो का तुम्हाला?"

"नाही."

"पोरालाही येत नाही. वरून तांदूळ घेऊन या," ते म्हणाले.