आधी शंख मोजावेत

आफ्रिकेतील टांगानिका सरोवर सुमारे ६७० किलोमीटर लांब आणि १,४०० मीटरांहून अधिक खोल आहे. टांझानिया, काँगो, बुरुंडी व झांबिया या चार देशांनी ते वेढलेले आहे. त्याच्या तळावर काही ठिकाणी निओथॉमा नावाच्या गोगलगायींचे रिकामे शंख विखुरलेले असतात. गोगलगाय मरते, शंख उरतो आणि त्यात सिक्लिड कुळातील चिमुकले मासे बिऱ्हाड थाटतात. संकट आले की शंखात शिरायचे, अंडी शंखात घालायची, पिल्ले शंखाच्या तोंडाशी वाढवायची. दुसऱ्याने मागे ठेवलेले घर हाच त्यांचा किल्ला आणि हाच पाळणा.

यांपैकी मल्टिफॅसिएटस ही जात बुलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने १९०६ साली प्रथम शास्त्रीयरीत्या वर्णिली. मासा जेमतेम दीड इंचाचा, अंगावर बारीक पट्टे. हे मासे वस्ती करून राहतात. मोठी भावंडे आणि नवी पिल्ले एकाच अंगणात नांदतात. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त परदेशी जाताना असे आठ मासे, दोन फुटी काचपेटीसह, आमच्याकडे ठेवून गेला. तळाला बारीक वाळू होती, वाळूत डझनभर शंख होते. निघताना तो म्हणाला, “फादर, पेटी लहान आहे. यांच्यात दुसरी जात घालू नका.”

आम्ही ऐकले नाही. पेटी आम्हांस रिकामी वाटे. शिवाय एकाच सरोवरातील, शंखांतच राहणारे मासे एकत्र का नांदू नयेत, असा आमचा भाबडा विचार. आम्ही ऑसेलाटस जातीची एक जोडी आणून सोडली. हा मासा आकाराने थोडा मोठा आणि स्वभावाने तापट. शंख वाळूत पुरून, त्याचे तोंड तेवढे उघडे ठेवून, तो भोवतालच्या जागेची राखण करतो. दोन आठवड्यांत त्या जोडीने पेटीचा मध्यभाग बळकावला. आठही मूळ रहिवासी एका कोपऱ्यात कोंडले गेले. एक मादी फिल्टरच्या आडोशाला, पाण्याच्या पृष्ठभागाशी टांगल्यासारखी राहू लागली. तिचे पर फाटले होते. एके सकाळी ती मेलेली आढळली.

आमच्या तोंडून प्रथम निघाले, “काय दुष्ट मासा!” मग आमचे आम्हांसच ओशाळे वाटले. तो मासा आपल्या प्रकृतीप्रमाणे वागला होता. सरोवरात हरलेला मासा दूर निघून जातो. पळण्यास तळ अफाट आहे. पेटीत पळून जाणार कोठे? पळवाट त्याने बंद केली नव्हती, काचेने केली होती. आणि काच आमची होती. ज्याने जिवांना एकत्र कोंडले, त्याने त्यांच्या भांडणाचा न्यायाधीश होऊन कसे चालेल? तो तर त्या खटल्यातील पहिला आरोपी.

या विचारासरशी आम्हांस एक घर आठवले. दोघे भाऊ, दोघी जावा, एक स्वयंपाकघर, एक मोरी. तेथे आम्ही तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा सहनशीलतेवर बोललो. धाकट्या सुनेने मान खाली घालून ऐकले. चौथ्या वेळी गेलो तेव्हा ती मुलांना घेऊन माहेरी निघून गेली होती. पुढे मागील पडवीत दुसरी चूल मांडली गेली, स्वतंत्र दार निघाले आणि ती परतली. आज त्या दोघी जावा एकमेकींकडे वाटीभर कालवण पाठवतात. आमच्या तीन उपदेशांनी जे साधले नाही, ते एका दाराने साधले. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत तंटा झाला, तेव्हा अब्राहामानेही उपदेश केला नाही. पुतण्याला पुढे करून आधी जागा निवडू दिली.

कोणी म्हणेल, माणूस म्हणजे मासा नव्हे. माणसाला विवेक आहे, तो आपला शंख दुसऱ्यासाठी सोडू शकतो. हे खरेच, आणि त्यातच माणसाचे मोठेपण आहे. परंतु शंख सोडण्याचा निर्णय त्यात राहणाऱ्याचा असतो. काचेबाहेर उभे राहून तो दुसऱ्यावर लादणाऱ्याने त्याला त्याग म्हणू नये. आणि ज्याच्यापाशी स्वतःचे काहीच नाही, तो सोडणार तरी काय?

आम्ही आणखी शंख टाकून पाहिले. दोन फुटांच्या पेटीत ते पुरे पडले नाहीत. अखेर त्या जोडीसाठी वेगळी पेटी केली. उरलेल्या सातांनी हळूहळू सारी वाळू पुन्हा उकरली, आणि महिन्याभराने एका शंखाच्या तोंडाशी नखाएवढीही नसलेली पिल्ले दिसली. मेलेली मादी मात्र परत आली नाही. तो तरुण सुटीवर येईल तेव्हा आठांचे सात कसे झाले, हे त्याला सांगावे लागेल.

वाचकहो, घरात, संस्थेत किंवा धर्मग्रामात माणसांना एकत्र आणण्याचा अधिकार आपल्यापैकी अनेकांच्या हाती असतो. तंटा उठला की प्रेमाचा उपदेश अवश्य करावा. पण त्याआधी वाकून तळाकडे पाहावे आणि शंख मोजावेत.