एकच भाव

गेल्या दिवाळीच्या आधी चंद्रपुरातील एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात जाण्याचा योग आला. काचेचे दार, गार हवा, ओळीने टांगलेले सदरे आणि प्रत्येकाला लटकलेली किमतीची चिठ्ठी. गडचिरोलीकडून आलेला एक तरुण आपल्या आईला म्हणत होता, "माय, हात लावून पाह्य. इथं कोणी काही म्हणत नाही." म्हातारीने भीत भीत एका साडीचा पोत चाचपला. खरोखरच कोणी काही म्हटले नाही.

या एवढ्याशा प्रसंगाने माझा एक जुना ग्रह डळमळला. अशा दुकानांविषयी आम्हां लिहिणाऱ्यांचे मत बहुधा आधीच ठरलेले असते: माणुसकी गेली आणि बाजार उरला. पेठेतला कापडवाला गिऱ्हाइकाला नावाने ओळखी, लग्नकार्याला उधारीवर कापड देई, हे खरेच आहे. पण त्याच ओळखीच्या बळावर तो गिऱ्हाइकाची जात आणि ऐपत जोखी, कोणते ठाण खाली काढायचे ते ठरवी, आणि भाव तोंड पाहून सांगे. ओळखीत जिव्हाळा असतो, तसा अपमानही असतो. चिठ्ठीवरचा भाव कोणाचे तोंड पाहत नाही.

वस्त्र ही काही क्षुल्लक बाब नव्हे. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असे मनुस्मृतीने सांगून ठेवले होते. १९२७ साली महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना, ज्यावरून जात ओळखू येते तो पेहराव टाकून द्या, असे बजावले. त्यांनीच १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात हजारोंना धम्मदीक्षा दिली. ज्यांना पिढ्यानपिढ्या ओळखूनच दूर ठेवले, त्यांना कोणी न ओळखणे हीदेखील एक मुक्ती वाटली, तर नवल काय?

परंतु चंद्रपुराहून गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्यावर सावली लागते, आणि तेथे दुसरे एक सत्य वाट अडवून उभे राहते. खादीच्या या केंद्रात १९३६ साली गांधी सेवा संघाचे संमेलन भरले होते. गांधीजी स्वतः आले होते. त्याच्या आदल्याच वर्षी, कातणारणीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महागली तरी चालेल, असे धोरण चरखा संघाने स्वीकारले होते. कापड घेणाऱ्याने ते विणण्याकातण्यामागची माणसे विसरू नयेत, हा त्याचा अर्थ.

दुकानातील त्या सदऱ्याच्या आतल्या पट्टीवर फार तर देशाचे नाव असते. तो कोणी शिवला, किती तास बसून, काय मजुरीवर, हे तीवर नसते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे मेली. भिंतींना तडे गेलेले आदल्याच दिवशी दिसले होते. तरीही कामगारांना आत बोलावले गेले. ते कपडे शिवत होते ते दूरदूरच्या देशांतील दुकानांसाठी. त्या दुकानांतही भाव एकच होता आणि गिऱ्हाइकाला कोणी काही म्हणत नव्हते.

म्हणजे ज्या अनोळखीपणाने म्हातारीला मान दिला, तोच अनोळखीपणा शिवणाऱ्यांना दृष्टीआड करतो. मग स्वस्त सदरा घेणाऱ्या त्या तरुणाला दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. महागलेली खादी ती कातणारीलाच परवडू नये, हा पेच सावलीच्या काळीही होताच. ज्याला निवड नाही, त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करणे हे नीतीचे नाव घेऊन केलेले क्रौर्य होय. ज्याची कपाटे भरलेली आहेत आणि तरीही जो एकावर एक फुकट म्हणून चौथा सदरा उचलतो, त्याच्यापासून हा प्रश्न सुरू होतो. त्याहून अधिक तो विकणाऱ्याचा आहे, कारण मजुरी किती हे त्याला ठाऊक असते.

घेणारा कोण, हे दुकानाने विचारू नये. शिवणारा कोण, हे त्याने लपवू नये. मला एवढेच म्हणावयाचे आहे. त्या दिवशी मीही एक सदरा घेतला. चिठ्ठीवरचा आकडा पाहून आनंद झाला होता. घरी येईपर्यंत तो पुरला नाही.