जागा मोजक्याच

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत फ्लेक्स चढतात. पोरांचे पासपोर्ट फोटो, खाली ७२० पैकी गुण. एखादं पोरगं कंधार-देगलूरकडच्या खेड्यातलं निघालं की टपरीवर दिवसभर तोच विषय. "बाप सालगडी होता म्हणे!"

मेहनतीनं वर जाण्याचं हे स्वप्न मुळात अमेरिकेचं. १९३१ साली, ऐन महामंदीत, जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने 'अमेरिकन ड्रीम' हे शब्द रूढ केले. जन्म कुठंही होवो, ज्याला त्याला आपल्या कुवतीनं वर जाता यावं, एवढंच त्याचं सार. आपल्याकडे ते 'लातूर पॅटर्न'नं खरं करून दाखवलं. राजर्षी शाहू महाविद्यालयानं जादा तास आणि सराव परीक्षांचा धोशा लावला आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या पंक्तीला लातूर जाऊन बसलं. घरात आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, अशांची पोरं डॉक्टर झाली. हे नाकारणारा करंटाच.

गंमत अशी, की याच महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या साहित्याचे अभ्यासक. त्यावर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिलं. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. पिढ्यान्‌पिढ्या राबूनही ज्यांना शिडीला हात लावू दिला नाही, त्यांचं लेखन कोळून प्यालेला माणूस इथं शिडी उभारत होता. आपण शिडी तेवढी घेतली. ते वाचन ग्रंथालयातच राहिलं.

'मेहनत करील तो वर जाईल' म्हटलं, की जो गेला नाही त्यानं केलीच नसणार, हेही न बोलता ठरून जातं. २०२४ साली देशभरातून चोवीस लाखांच्या आसपास पोरं नीटला बसायला निघाली; एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. सगळ्यांनी रात्रीचा दिवस केला तरी त्यात एकाही जागेची भर पडत नाही. त्यात आपल्या राज्यात २०२० पर्यंत ७०:३० चा नियम होता. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, आणि मराठवाड्यात कॉलेजंच कमी. नियम रद्द झाला, पण तोवर ज्यांचं हुकलं त्यांच्या मेहनतीत खोट ती कोणती?

कॉट बेसिसवर राहून दुसऱ्यांदा रिपीट करणारा असाच एक पोरगा. गावाकडून फोन येतो, "जेवलास का?" फीचं कुणी काढत नाही, एकरभर रान विकलंय, दोघांनाही ठाऊक असतं. पुढं तो फार्मसी करतो, उदगीरला मेडिकल टाकतो, गोळी जेवणाआधी की नंतर हे म्हाताऱ्यांना तीनतीनदा सांगतो. लग्नाच्या बोलणीत मामा मात्र अजून सुरुवात करतो ती, "थोडक्यात हुकलं हो पोराचं!" दुकान स्वतःचं आहे, हे त्याला आठवतं चहा झाल्यावर.