पाच मनात, तीन बोटांवर

पहिलीतल्या मुलाला पाच अधिक तीन किती, ते विचारा. ‘पाच मनात, तीन बोटांवर’ असं पुटपुटत ते एकेक बोट मिटत जातं: सहा, सात, आठ. एवढ्याशा बेरजेत डोळे आहेत, बोटं आहेत, मनात धरून ठेवलेला पाच आहे, ‘सहानंतर सात’ ही पाठ झालेली ओळ आहे आणि कुठे थांबायचं याचं भानही आहे. मानसशास्त्राने मात्र स्मृती, दृष्टी, हालचाल यांचा अभ्यास वर्षानुवर्षं सुटासुटाच केला.

१९७२ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या परिसंवादात संशोधक ॲलन न्यूएल यांनी यावर बोट ठेवलं. तिथले निबंध त्यांना आवडले होते, म्हणूनच त्यांची अस्वस्थता मला खरी वाटते. निसर्गाला हो-नाहीचे प्रश्न विचारत राहिलो तर असे उत्तम निबंध कितीही साठतील, पण त्यांतून मन उभं कसं राहणार? सगळी कामं करणारी एकच पूर्ण रचना मांडा, असा त्यांचा आग्रह होता. कॉग्निटिव्ह आर्किटेक्चर या कल्पनेला इथून जोर आला. घरात सामान येतं-जातं, भिंती त्याच राहतात. तसं ज्ञान बदललं तरी न बदलणारी मनाची बांधणी कोणती, याचा हा शोध.

न्यूएल, जॉन लेअर्ड आणि पॉल रोझेनब्लूम यांच्या ‘सोर’ या अशाच एका संगणकी रचनेत गाडी अडली की तो अडथळाच नवं उद्दिष्ट होतो, आणि तो सुटला की उत्तराचा कायमचा नियम बनतो. जॉन अँडरसन यांच्या ‘ॲक्ट-आर’ या दुसऱ्या रचनेत जी आठवण वरचेवर आणि अलीकडे वापरली गेली, ती चटकन वर येते. म्हणून काही महिन्यांनी त्या मुलाची बोटं हलत नाहीत. ‘आठ’ थेट ओठांवर येतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती यातली शिस्त. ॲक्ट-आरमध्ये एक नियम लागू व्हायला सुमारे ५० मिलिसेकंद धरतात. बेरजेसाठी ५० धरले, तर गाडी चालवतानाही ५०च धरायचे. प्रयोगागणिक सोयीचं मन घडवता येत नाही.

१९९० मध्ये याच आग्रहावरचं न्यूएल यांचं पुस्तक आलं. शीर्षकात त्यांनी ‘सिद्धान्त’ मुद्दाम अनेकवचनी ठेवला. एकच सिद्धान्त खरा, असा त्यांचा हट्ट नव्हता. १९९२ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये लेअर्ड, रोझेनब्लूम आणि ॲक्ट-आरच्या गोटातले ख्रिश्चन लेबिएर यांनी एकत्र बसून सर्वांना मान्य होईल असा सामाईक आराखडा लिहिला. त्यात कामापुरती स्मृती आहे, दीर्घकालीन स्मृती आहे, पाहणं आहे, हात हलवणं आहे. भावनांबाबत एकमत नव्हतं, म्हणून त्या बाहेर राहिल्या. बेरीज चुकली की त्या मुलाच्या डोळ्यांत येणारं पाणी त्या आराखड्यात आलं नाही.